येणार किंवा कसे

मालकांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका हातात पडली, तेव्हा उदयराव शेवाळ्यांनी आधी तिचं वजन पाहिलं. हा त्यांच्या धंद्याचा दोष. सिल्वासाजवळच्या मसाटच्या ज्या कारखान्यात प्लॅस्टिकच्या बादल्या, टब आणि बाटल्यांची झाकणं होतात, तिथल्या क्वालिटी खात्याचे ते प्रमुख. कुठलीही वस्तू समोर आली की ती पास की रिजेक्ट, याचा निकाल लागेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. लग्नाला गेले तरी पंगतीतल्या वाटीची कड बोटाने चाचपून पाहत. पत्रिका पास झाली. कागद जाड, छपाई स्वच्छ, आणि अगदी खाली कोपऱ्यात चार इंग्रजी अक्षरं: आर. एस. व्ही. पी. त्याखाली एक फोन नंबर.

ही अक्षरं उदयरावांनी आधी पाहिली नव्हती असं नाही. पण ती पाहून माणसाने काही करायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. भारतीताईंना तर इतकी वर्षं ती छापखान्याची खूण वाटत होती. लेक अदितीने सांगितलं की बाबा, येणार की नाही ते कळवा, असा त्याचा अर्थ. उदयरावांनी लगेच नंबर फिरवला. पलीकडे एक मुलगी होती. तिने नाव विचारलं, कितीजण ते विचारलं, जेवण कोणतं चालेल तेही विचारलं, आणि शेवटी कळवल्याबद्दल आभार मानले. लग्नाच्या दिवशी हॉटेलात एका गोल टेबलावर 'श्री. व सौ. शेवाळे' अशी पाटी उभी होती. उदयराव त्या पाटीकडे पाहतच राहिले. आजवर ते शेकडो लग्नांना गेले होते, पण खुर्चीसकट आपली कुणी वाट पाहिलेली त्यांना आठवेना. येताना ती पाटी त्यांनी खिशात घातली आणि गाडीत दोनदा काढून पाहिली.

याच सुमारास रांध्याच्या रस्त्यावरचं त्यांचं रो-हाउस तयार झालं होतं आणि वास्तुशांतीचा रविवार ठरला होता. आपल्या पत्रिकेवरही हे असलंच पाहिजे, असं उदयरावांनी घरी येऊन जाहीर केलं, तेही बूट काढायच्या आत. मात्र एक अडचण होती. ते इथल्या मराठी मंडळाचे सहचिटणीस होते. गणेशोत्सवाच्या व्यासपीठावरून त्यांनी गेल्याच वर्षी सांगितलं होतं की गुजराती, हिंदी आणि इंग्रजीच्या या संगमावर मराठी माणसाची पत्रिका तरी निव्वळ मराठी असावी. टाळ्या पडल्या होत्या. तेव्हा आर. एस. व्ही. पी. ला मराठी शब्द शोधणं भाग होतं.

पण या सगळ्या उत्साहाच्या पोटात आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. नाशिकला त्यांचे कारभारीमामा राहत. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून मामांनी उभी हयात काढली, आणि त्यांच्याच दोन खोल्यांत राहून, त्यांच्याच डब्यातली पोळी खाऊन उदयराव इंजिनिअर झाले. मात्र भाचा सिल्वासाला आल्यापासून मामांनी इकडे एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. दर दिवाळीला उदयराव म्हणायचे, "या ना एकदा." मामा म्हणायचे, "येतो की." आणि दोघंही पुढच्या विषयाला लागायचे. सुरुवातीला मामांना वाटायचं, पोरगं दोन-चार वर्षांत परत येईल. आता तर पोराने तिकडेच घर केलं होतं. मामांनी उंबरा ओलांडल्याशिवाय या घराला घर म्हणायला उदयरावांचं मन धजत नव्हतं. आर. एस. व्ही. पी. ची खरी मोहिनी इथे होती. त्या चार अक्षरांपुढे 'येतो की' चालणार नव्हतं. मामांना एकदाचं हो किंवा नाही म्हणावंच लागणार होतं, आणि ते हो म्हणतील याबद्दल उदयरावांच्या मनात अजिबात शंका नव्हती, असं ते स्वतःला दिवसातून बऱ्याच वेळा सांगत.

शब्दाचा शोध सुरू झाला. कोशात पाहिलं. कोशाने 'उत्तर देण्याची विनंती' एवढं लिहून हात झटकले. विनंती म्हणजे काय, नुसतं उत्तर म्हणजे काय, आणि पत्रिकेवर हे बसवायचं कुठे, याचा कोशकर्त्यांनी विचार केलेला दिसला नाही. उदयरावांनी त्यांना मनातल्या मनात रिजेक्ट केलं.

सध्या ते राहत होते त्या इमारतीत खालच्या मजल्यावर नलिनीकाकू राहत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे सल्ले शिल्लक पडले होते. त्यांनी 'प्रत्युत्तर अपेक्षित' असं सुचवलं. उदयरावांनी ते मोठ्याने म्हणून पाहिलं आणि दोघांनाही आपण सीमेवर उभे असल्यासारखं वाटलं. काकूंनी मग 'उपस्थितिनिश्चिती' असा शब्द स्वतः घडवला. तो उच्चारताना त्यांची कवळी हलली, म्हणून तोही मागे पडला.

समोरच्या त्रिपाठींकडे लग्नाच्या हिंदी पत्रिकांचा गठ्ठा होता आणि त्या प्रत्येकीवर खाली 'उत्तरापेक्षी' असं लिहिलेलं होतं. उदयराव हर्षभरित झाले. हा शब्द तर तसाच मराठीत उचलता येण्यासारखा होता. पण त्रिपाठींनी समजावून सांगितलं की त्या शब्दाखाली घरातल्या काका-फुफांची नावं छापायची असतात, म्हणजे ते रुसत नाहीत. उत्तर कुणी दिलं होतं का, या प्रश्नावर त्रिपाठी बराच वेळ विचार करत बसले. त्यांच्या घराण्यात असं कधी घडल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

छापखानेवाला कल्पेश हा तर या भानगडीतच पडू नये अशा मताचा होता. त्याच्याकडे घरातल्या लहान मुलाच्या तोंडची एक तयार ओळ होती, 'आमच्या घरी जलूल जलूल यायचं हं'. गुजराती पत्रिकांवर ती हमखास जाते, वाचणारा खूश होतो आणि येतोच, असा त्याचा अनुभव. घरात लहान मूल नाही, अदिती एम. एस्सी. करते आहे, असं उदयरावांनी सांगितल्यावर तो म्हणाला की लहान मूल पत्रिकेपुरतं असलं तरी चालतं.

मग मंडळाच्या कार्यकारिणीत विषय निघाला. तिथे एकाने विचारलं की मराठीत हा शब्द नाही, याचं कारण आपल्यात ही पद्धतच नाही, हे तर नसेल? उदयरावांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. पद्धत नसते म्हणूनच ती पाडायची असते, असं ते म्हणाले. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की ते त्यांनी घरी येऊन भारतीताईंनाही ऐकवलं. भारतीताई तेव्हा वाटाणे सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "पत्रिकेचं काय ते करा, पण मामांकडे तुम्ही स्वतः जा. हळदकुंकू लावून, अक्षता देऊन या. मोठ्या माणसाला बोलावणं हाताने द्यायचं असतं." उदयरावांनाही ते पटलं होतं. पण कारखान्यात त्याच आठवड्यात परदेशी गिऱ्हाइकाची तपासणी निघाली, झाकणांचा एक अख्खा लॉट आडवा आला, आणि मामांची पत्रिका कुरियरने गेली.

शब्द शेवटी सापडलाच नाही, म्हणून उदयरावांनी वाक्य लिहिलं. ते एका बैठकीत, सपासप, त्यांना आयुष्यभर ज्या भाषेत लिहायची सवय होती त्या भाषेत उतरलं: 'आपण येणार किंवा कसे, हे गुरुवारपर्यंत खालील क्रमांकावर कळवावे. न कळवल्यास आपण येणार नाही असे गृहीत धरले जाईल.' कारखान्यात कच्चा माल पुरवणाऱ्यांना ते असंच लिहीत आणि माल वेळेवर येई. कल्पेशला मराठी जेमतेम वाचता यायचं. तारीख, वार आणि फोन नंबर एकत्र दिसल्यावर त्याला वाटलं की पत्रिकेतली मुख्य गोष्ट हीच. त्याने गणपती थोडा लहान केला, ते वाक्य लाल चौकटीत घातलं आणि अक्षर ठळक केलं. "साहेब, आ तो मेन लाइन छे," असं तो वर अभिमानाने म्हणाला. चौकट पाहून उदयरावांनाही भरून आलं. पत्रिका पास झाली.

पत्रिका वाटल्या आणि उदयराव फोन घेऊन बसले. या कामासाठी त्यांनी खास वेगळा नंबर घेतला होता. फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशी वाजला, तो विमा हवा का विचारायला. तिसऱ्या दिवशी उदयरावांनी दुसऱ्या फोनवरून स्वतःच तो लावून पाहिला. तो व्यवस्थित चालू होता, ही मोठीच निराशा झाली.

रस्त्यावर भेटणारे लोक मात्र बोलत होते, आणि इथे उदयरावांना मातृभाषेचा असा काही परिचय झाला की ते थक्क झाले. "अहो, येतोच की" याचा अर्थ येणार नाही असा असतो. "बघू या" म्हणजे ठरलेलं काही नाही. "जमणं कठीण दिसतंय" म्हणणारा सहकुटुंब येतो आणि सासूलाही आणतो. "तुमच्याकडे नाही येणार तर कुठे जाणार?" याचं उत्तर कुणालाच माहीत नसतं. आणि मान एका बाजूला किंचित कलती करून जे 'हं' म्हणतात, ते कशाखाली घालावं हे मोठमोठ्या तपासणीसांनाही सांगता यायचं नाही. उदयराव खोदून विचारत, की म्हणजे हो धरू का? त्यावर समोरचा माणूस थोडा मागे सरके आणि त्याला एकदम काम आठवे.

मांडव रस्त्यावर येणार म्हणून परवानगी हवी होती. त्या कचेरीतल्या कारकुनाने अर्जावर पाहुण्यांचा आकडा मागितला. तो कळावा म्हणूनच तर हा सगळा खटाटोप आहे, असं सांगून उदयरावांनी उत्साहाने त्यालाही एक पत्रिका दिली. त्याने चौकट वाचली. पुन्हा वाचली. मग अर्ज उचलून गठ्ठ्याच्या सगळ्यात खाली ठेवला आणि पाण्याची बाटली उघडली.

कारखान्यातही काहीतरी बिनसलं होतं. मोल्डिंग खात्यातली पोरं बहुतेक शिरपूर-शहाद्याकडची, एरवी साहेबांच्या मागेपुढे करणारी. पत्रिका मिळाल्यापासून ती गप्प होती. शेवटी त्यांचा सुपरवायझर झुंबर केबिनमध्ये आला, उभाच राहिला आणि म्हणाला, "साहेब, निवतं देऊन राहिले का हजेरी घेऊन राहिले?"

उदयरावांनी त्याला आर. एस. व्ही. पी. चा अर्थ, उपयोग आणि फायदे समजावून सांगितले. झुंबरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते बरोबर असेल," तो म्हणाला. "पण शुभकार्याले नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. अन् तुम्ही तर आधीच धरून चालले की आम्ही येणार नाही."

उदयराव ओशाळले. पण हे सगळं त्यांनी कसंबसं पचवलं असतं. त्याच संध्याकाळी नाशिकहून मामींचा फोन भारतीताईंना आला. पत्रिका पोचली होती. मामांनी ती चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली, आणि एवढंच विचारलं होतं की हे निमंत्रण आहे की नोटीस. त्यानंतर ते कुणाशी बोलले नव्हते. मामींनी हे हळू आवाजात सांगितलं, म्हणजे मामा जवळच असावेत.

उदयराव त्या रात्री जेवले नाहीत. तपासणी गेली खड्ड्यात, मी स्वतः जायला हवं होतं, असं ते तीनतीनदा म्हणाले आणि भारतीताईंनी एकदाही 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. त्यामुळे तर ते अधिकच खचले. पण क्वालिटीचा माणूस फार वेळ खचून राहत नाही. चूक सापडली की ती दुरुस्त करायची, ही त्याची शिकवण. बुधवारी संध्याकाळी उदयरावांना पुन्हा उत्साहाचं भरतं आलं आणि त्यांनी मंडळाच्या, कारखान्याच्या आणि नातेवाइकांच्या अशा सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक शुद्धिपत्र टाकलं: 'शेवाळे यांच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेतील चौकटीतला मजकूर रद्द समजावा. झालेल्या तसदीबद्दल दिलगीर आहोत.'

लोक व्हॉट्सॲप कसं वाचतात, याचा उदयरावांना अंदाज नव्हता. लोकांनी पहिल्यांदा 'शेवाळे' वाचलं, मग 'वास्तुशांती', मग एकदम 'रद्द', आणि शेवटी 'दिलगीर'. मधलं वाचायला कुणाला वेळ होता? गुरुवारी सकाळी इतके दिवस मुका असलेला तो फोन वाजू लागला. सगळं बरं आहे ना? कुणाची तब्येत? घराच्या कागदपत्रांत काही घोळ निघाला का? बिल्डर पळाला म्हणतात, खरं का? एकाने तर आपल्या ओळखीचा वकील वापीला असल्याचं सांगितलं आणि वकिलाला कॉन्फरन्सवर घेतलंही. नलिनीकाकू मऊ खिचडी घेऊन वर आल्या आणि भारतीताईंच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. मांडववाल्याने बांबू उतरवायला सुरुवात केली होती, ती थांबवली. आचारी विचारू लागला की शेठ, मग श्रीखंडाचा चक्का बांधू का सोडू?

"वास्तुशांत आहे, फक्त चौकट रद्द आहे," असं उदयराव प्रत्येकाला सांगत होते. त्यावर लोक आणखी काळजीत पडत, कारण नव्या घराची चौकट रद्द होणं ही काही साधी बाब नव्हती. दुपारपर्यंत त्यांचा घसा बसला. शेवटी त्यांनी तो फोन बंद केला, कपाटात टाकला आणि कपाटाला कुलूप लावलं.

संध्याकाळ झाली. गुरुवार मावळला. मामांचं काहीच आलं नव्हतं. भारतीताई दिवा लावून बाहेर आल्या, तेव्हा उदयराव पत्रिका हातात धरून बसले होते आणि आपलंच वाक्य वाचत होते. न कळवल्यास आपण येणार नाही असे गृहीत धरले जाईल. त्यांनी ते गृहीत धरलं, आणि पन्नाशीला आलेला तो माणूस एकाएकी अगदी लहान दिसू लागला. अदितीने टीव्ही बंद केला.

"उद्या पहाटे निघा," भारतीताई म्हणाल्या. "हळदकुंकवाची पुडी मी करून ठेवते. पाया पडा आणि घेऊनच या. आणि तिथे काही समजावून सांगत बसू नका."

शुक्रवारी उजाडायच्या आत उदयराव गाडी घेऊन निघाले. आता त्यांना पुन्हा हुशारी आली होती. मामांना काय म्हणायचं याची ते वाटेत तालीम करत होते आणि दर घाटाला त्यांचं भाषण अधिक सुंदर होत होतं. जव्हारच्या पुढे एका अरुंद वळणावर समोरून एसटी आली. दोघांपैकी कुणी मागे घ्यायचं यावर थोडी बाचाबाची झाली. उदयरावांनी घाईत भरपूर हॉर्न वाजवला. एसटीचा चालक खिडकीतून जे काही बोलला, ते कुठल्याच मंडळाच्या शुद्ध मराठीत बसणारं नव्हतं. अखेर उदयरावांनी गाडी मागे घेतली आणि एसटी धूर सोडत निघून गेली.

नाशिकला मामांच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं की दोघंही पहाटेच्या गाडीने गेले, ट्रंक, वळकटी आणि पितळी समई घेऊन. कुठे गेले? बाईंनी उदयरावांना नीट न्याहाळलं. "तुमच्याकडेच तर गेले. तुम्हाला ठाऊक नाही?"

 उदयराव आजवर कुठल्याही लॉटच्या मागे धावले नव्हते असे गाडीकडे धावले. जव्हार पुन्हा आलं, ते वळणही आलं, तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की आपण मघाशी कुणावर हॉर्न वाजवला. ते एकटेच मोठ्याने हसले. मग त्यांना हसता हसता रडू आलं आणि त्यांनी गाडी बाजूला घेऊन तोंडावर पाणी मारलं.

दिवेलागणीला ते रांध्याच्या रस्त्यावर पोचले, तेव्हा नव्या घरासमोर मांडव उभा होता. झुंबर आणि मोल्डिंगची पोरं बांबूंना आंब्याचे डहाळे बांधत होती. साहेबांवर काही संकट आलं असेल म्हणून ती सकाळीच येऊन ठेपली होती, आणि आलीच आहेत तर कामाला लावली गेली होती. कामाला लावणारा आवाज उदयरावांनी लांबूनच ओळखला. नाशिकच्या डेपोत एकेकाळी तो लाउडस्पीकरवाचून चाले. मामा उंबऱ्यात उभे होते. धोतर, पांढरा सदरा, गळ्यात जुनी शिट्टी. त्रिपाठी एक बांबू धरून त्यांच्या हुकमाची वाट पाहत होते. नलिनीकाकूंना त्यांनी रांगोळीच्या कामावर बसवलं होतं, आणि विशेष म्हणजे काकू एकही सल्ला न देता बसल्या होत्या. आत मामी आणि भारतीताई डाळ निवडत होत्या.

तालीम केलेलं भाषण उदयरावांना एका अक्षराने आठवेना. ते पायऱ्यांवरच वाकले आणि मामांच्या पायांवर डोकं ठेवलं. मामांनी त्यांना दंडाला धरून उठवलं.

"गुरुवारची मुदत होती," मामा म्हणाले. "गुरुवारी दिवसभर लावला. सकाळी सारखा एंगेज, दुपारनंतर बंद. तुझी मामी म्हणाली, भारतीच्या नंबरावर सांगू. म्हटलं, नाही. पत्रिकेवर जो नंबर छापलाय त्याच्यावरच कळवायचं, नियम म्हणजे नियम. मग समक्षच कळवायला आलो."

उदयराव म्हणाले, "मामा, चुकलं माझं. तसं लिहायला नको होतं."

मामांनी आधी एका पोराला वाकडा बांबू सरळ करायला सांगितलं. मांडवातल्या पोरांचा आवाज येत होता.

"रागावलो होतो," ते म्हणाले. "चांगला रागावलो होतो. मग आडवा पडल्यावर वाटलं, आजवर याने नुसतं 'या ना' म्हटलं आणि आपण 'येतो की' म्हटलं. खरं काय ते त्यानेही विचारलं नाही, आपणही सांगितलं नाही. दोघांनी धरूनच चाललो होतो. या खेपेला पोराने निदान विचारलं तरी, की मामा, येणार का नाही." त्यांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला. "येणार, असं कळवायचं होतं. लिहून घे कुठे लिहून घ्यायचं ते."

उदयरावांना काही लिहून घेता आलं नाही. त्यांना धड दिसतही नव्हतं. मामांनी तो विषय तिथेच मिटवला आणि त्यांचा हात धरून त्यांना त्यांचंच घर दाखवायला नेलं. न्हाणीघराचा नळ गळतो. जिन्याची तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे, कुणीतरी पडेल. वरची पूर्वेची खोली चांगली आहे, वारा येतो, तिथे आम्ही ट्रंक ठेवली आहे. एवढी वर्षं क्वालिटीत काढूनही उदयरावांना या गोष्टी दिसल्या नव्हत्या. ते मान डोलावत मामांच्या मागून फिरत होते आणि त्यांचा चेहरा इतका फुलला होता की खाली उभ्या असलेल्या झुंबरने पोरांना कोपरखळ्या मारल्या.

खाली आल्यावर भारतीताईंनी त्यांना स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. हातातलं ताट बाजूला ठेवून, मामींना ऐकू जाणार नाही अशा बेताने त्या म्हणाल्या, "अहो, ट्रंक चांगली मोठी आहे. गाद्या काढायच्या, दूध वाढवायचं. मामा-मामी किती दिवस आहेत, ते विचारलंत का?"

उदयरावांनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की जणू त्या नुकत्याच परदेशातून उतरल्या आहेत.

"भारती," ते म्हणाले, "असं विचारतात का कधी कुणाला?"